पडद्यावरचा ढग आणि समोरचा ढग

शिवाजीनगर, पुणे
एप्रिलअखेर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टेक्सासात खासगी वैमानिकाचा परवाना मिळवून तू परत येते आहेस, इथले डीजीसीएचे सोपस्कार पुरे झाले की बारामतीहून उडायचा बेत आहे, हे वाचून तुझ्या आईइतकाच मलाही आनंद झाला. तिकडे कॉकपिटमध्ये उपग्रहावरून हवामान दाखवणारा पडदा होता, तसा इथे कोणता घ्यावा, असं तू विचारलं आहेस. वैमानिकांना हवामान सांगण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न तू मला विचारलास. मी त्याचं उत्तर देतोच, पण तेवढ्यावर थांबणार नाही. कोणता पडदा घ्यावा यापेक्षा त्याच्यावर किती विसंबावं, हे मला तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी सरळ उत्तर. टेक्सासात तुला दिसणारं चित्र दोन वाटांनी येत होतं. एक सिरियस एक्सएमच्या उपग्रहावरून, वर्गणी भरून. दुसरी अमेरिकी सरकारच्या जमिनीवरच्या एडीएस-बी केंद्रांवरून, मोफत. या दोन्ही सेवा भारताच्या आकाशात नाहीत. ते यंत्र तू सोबत आणलंस तरी इथे ते मुकं राहील. युरोपातले काही खासगी वैमानिक इरिडियमच्या उपग्रहांवरून हवामान मागवतात. पण भारतात परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुरायाचं यंत्र जवळ बाळगणं कायद्यात बसत नाही. गार्मिनचं इनरीच हे असंच उपग्रह-यंत्र सामानात ठेवून आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या बातम्याही आल्या आहेत. तेव्हा येताना असलं काही बॅगेत ठेवू नकोस.

मग राहतो टॅबलेट. मोबाइलच्या जाळ्यावर तो जमिनीवर उत्तम चालतो. पण मोबाइलचे मनोरे जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेले असतात. वर गेल्यावर संपर्क तुटतो, जुळतो, पुन्हा तुटतो. तुटला की शेवटचं आलेलं चित्र पडद्यावर तसंच राहतं, आणि ते शिळं झालंय हे चित्राकडे पाहून कळत नाही. म्हणून टॅबलेट अवश्य घे, मोठ्या पडद्याचा घे, पण त्याचं खरं काम इंजिन सुरू करण्याआधीचं आहे असं समज.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. पडद्यावर दिसतो तो होऊन गेलेला ढग. त्याच्यावरून लांबचा निर्णय घ्यावा, जवळचा कधीही घेऊ नये. आज निघावं की नाही, कोणत्या बाजूने वळसा घालावा, वाटेत कुठे उतरून थांबावं, हे ठरवायला ते चित्र अनमोल आहे. दोन ढगांमधल्या फटीतून पलीकडे जाता येईल का, हे ठरवायला ते निरुपयोगी आहे, आणि निरुपयोगी असून खात्रीचं वाटतं म्हणून घातक आहे.

याची किंमत तू जिथे शिकलीस त्या देशानेच मोजली आहे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने जून २०१२ मध्ये वैमानिकांसाठी खास इशारा काढला. पडद्याच्या कोपऱ्यात चित्राचं वय लिहिलेलं असतं, एक मिनिट, दोन मिनिटं. वैमानिकाला वाटतं, पाऊस एका मिनिटापूर्वी असा होता. पण ते वय चित्र जुळवून पूर्ण झालं तेव्हापासूनचं असतं. रडार आधी कित्येक मिनिटं आकाश चाळतं. मग अनेक रडारांची चित्रं एकत्र सांधली जातात. मग ती उपग्रहावर चढतात आणि तिथून तुझ्याकडे उतरतात. काही वेळा चित्रातली सगळ्यात जुनी माहिती लिहिलेल्या वयापेक्षा पंधरा ते वीस मिनिटांनी जुनी असू शकते, असं त्या इशाऱ्यात स्पष्ट लिहिलं आहे. इशाऱ्यात दोन अपघातांचा दाखला होता. २५ मार्च २०१० रोजी टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलजवळ रुग्णसेवेचं हेलिकॉप्टर वादळात सापडून तिघं गेले. १९ डिसेंबर २०११ रोजी टेक्सासातल्या ब्रायनजवळ पायपर बनावटीचं छोटं खासगी विमान पडून पाच जण गेले. ब्रायन तुझ्या ओळखीचा मुलूख आहे, म्हणून हे नाव मुद्दाम लिहिलं.

वीस मिनिटांचा हिशेब तू स्वतः करून बघ. तुझं सेस्ना १७२ मिनिटाला साधारण साडेतीन किलोमीटर कापतं. वीस मिनिटांत तू सत्तर किलोमीटर पुढे गेलेली असतेस. वादळ ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल तर तेही दहा-बारा किलोमीटर हललेलं असतं. चित्रातली फट जिथे होती तिथे तू पोचेपर्यंत ती तिथे नसते, आणि बहुधा ती फटच उरलेली नसते.

अनुभव गाठीशी असला म्हणजे यातून सूट मिळते, असंही समजू नकोस. स्कॉट क्रॉसफिल्ड यांनी १९५३ मध्ये ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला. तसं करणारे ते जगातले पहिले वैमानिक. १९ एप्रिल २००६ रोजी आपलं सेस्ना २१० घेऊन जाताना जॉर्जियाच्या डोंगराळ भागात ते गडगडाटी वादळात शिरले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. वाटेत ताजं हवामान न घेणं हे त्या अपघाताचं एक कारण ठरलं. वादळ वैमानिकाच्या नोंदवहीतले तास मोजत नाही.

आता आपल्याकडच्या चित्रांकडे ये. अमेरिकेतलं तुझं चित्र मुळात जमिनीवरच्या रडारचं होतं, उपग्रह फक्त ते पोचवत होता. इथे टॅबलेटवर जे बघशील ते बहुतेक वेळा खरोखरच उपग्रहाने काढलेलं असेल, आणि या दोहोंत मोठा फरक आहे. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये, इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये आकाशात गेला. विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून यातला प्रत्येक उपग्रह दर अर्ध्या तासाला पृथ्वीची चकती टिपतो. पूर्ण चकती टिपायलाच साधारण सव्वीस मिनिटं लागतात. दोन उपग्रहांच्या वेळा पुढेमागे ठेवून पंधरा मिनिटांना एक चित्र मिळवता येतं. मोसमी पावसाची वाटचाल, अरबी समुद्रातलं चक्रीवादळ, मराठवाड्यावर पसरलेली ढगांची चादर यांच्यासाठी हे उत्तम आहे. कात्रजच्या डोंगरावर चारच्या सुमाराला उभ्या राहणाऱ्या एका ढगासाठी ते पुरत नाही.

शिवाय उपग्रह ढगाचा फक्त माथा बघतो. दहाव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या छत्र्या पाहिल्या तर खाली कोण भिजतंय, कोण कोरडं आहे हे कळत नाही, तसंच ते आहे. अवरक्त चित्रात माथ्याचं तापमान दिसतं. माथा जितका थंड तितका उंच, एवढा अंदाज येतो. पण ढगाचा तळ किती खाली आहे, तळाखाली किती दिसतं आहे, पाऊस कुठे कोसळतो आहे, गारा आहेत का, यातलं काहीच त्यात नसतं. आणि हेच तर तुला हवं असतं, कारण तू माथ्यावरून उडणार नाहीस, तळाखालून उडणार आहेस. वादळी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरून कित्येक किलोमीटर वाहत जातो. त्या पांढऱ्या पत्र्याखाली जिवंत वादळ नेमकं कुठे आहे, ते झाकलं जातं.

आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. उपग्रह आपल्या डोक्यावर नाही, विषुववृत्तावर आहे. पुण्याकडे तो दक्षिणेकडून तिरका बघतो. त्यामुळे पंधरा किलोमीटर उंच ढगाचा माथा नकाशावर खऱ्या जागेपेक्षा सुमारे सहा किलोमीटर उत्तरेला पडतो. चित्रात ढग लोहगाव विमानतळाच्या उत्तरेला दिसला, म्हणजे लोहगाव मोकळं आहे, असा अर्थ काढलास तर फसशील.

वेळेचंही तसंच. चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. दहा तीस लिहिलेलं असलं तर ते आपल्या दुपारी चारचं चित्र. जमिनीवर शांतपणे बसून हा साडेपाच तासांचा हिशेब सोपा वाटतो. हलत्या विमानात, घाम आलेला असताना चुकतो. म्हणून घड्याळ दोन ठेव, एक आपल्या वेळेचं आणि एक त्या वेळेचं.

रडारचं चित्र मिळालं तर ते उपग्रहापेक्षा सरस, कारण ते ढगातला पाऊस बघतं. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर डॉप्लर रडारची चित्रं येतात, ती बघायची सवय लाव. पण त्याचीही मर्यादा ओळख. कुलाब्याहून निघालेला किरण सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वळत जाते. सव्वाशे किलोमीटरवर पुण्याच्या आकाशात येईपर्यंत अगदी खालचा किरणसुद्धा समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंचावर गेलेला असतो. त्याच्या खाली जे चाललं आहे, तुझ्या उतरण्याच्या उंचीवर, ते त्याला दिसत नाही. आणि तुझ्या सेस्नाच्या नाकावर पंखा आहे, तिथे मोठ्या विमानांसारखं स्वतःचं रडार बसवायला जागा नाही.

तिसऱ्या प्रकारच्या चित्राबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. विंडीसारख्या ॲपवर निळे-जांभळे पट्टे सुंदर वाहताना दिसतात. कित्येक तरुण वैमानिक ते बघून म्हणतात, ‘सर, पाऊस सोलापूरकडे आहे.’ त्या पट्ट्यांत जे दिसतं ते निरीक्षण नसतं, संगणकाने केलेलं भाकीत असतं. युरोपीय हवामान केंद्राचं प्रारूप जगाचे सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतं. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टिम २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. तिने हा चौकोन सहा किलोमीटरवर आणला, आणि ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. पण वळवाचा एकेक ढग काही किलोमीटरच रुंद असतो. उद्या दुपारी पुणे-सातारा पट्ट्यात वादळं होतील, हे प्रारूप सांगू शकतं. वादळ शिरवळवर होईल की खंबाटकीवर, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा कोणतंही चित्र उघडलंस की पहिला प्रश्न विचार: हे पाहिलेलं आहे की गणिताने काढलेलं? दुसरा: कधीचं?

आपल्याकडचा मे महिना तुला लहानपणापासून ठाऊक आहे, पण वैमानिक म्हणून तो नव्याने समजून घ्यावा लागेल. सकाळी आकाश निरभ्र असतं. पठार तापत जातं, पारा चाळीसला टेकतो. दुपारनंतर कोकणातून घाट चढून आलेली दमट हवा पठारावरच्या तापलेल्या कोरड्या हवेला भिडते आणि सह्याद्रीच्या माथ्यालगत ढग उभे राहू लागतात. जोरदार ढगात हवा सेकंदाला दहा मीटर वर चढते. या वेगाने पंधरा मिनिटांत नऊ किलोमीटर. म्हणजे एका चित्रात निरुपद्रवी कापसासारखा ढग आणि पुढच्या चित्रात थेट सीबी, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग, मधलं काहीच नाही. चित्र चुकलेलं नसतं. ढगच दोन चित्रांच्या मध्ये वाढून मोठा झालेला असतो.

त्याच वेळी तुझं विमान सगळ्यात दुबळं असतं. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंच आहे. चाळीस अंशांना तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे ५,४०० फुटांवरची वाटते. समुद्रसपाटीला मिनिटाला जेमतेम सातशे फूट चढणारं सेस्ना अशा हवेत किती चढेल? आणि वादळातून खाली कोसळणारी थंड हवा त्याच्या दुप्पट वेगाने त्याला खाली दाबू शकते. ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. धुळीची भिंत दिसते ती तिचीच. वाऱ्याची ही लाट पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते, आणि उपग्रहाच्या चित्रात ती तुला सहसा दिसणार नाही.

आणखी एक अडचण इथल्या नियमातून येते. आपल्या देशात दृश्य नियमांनी चालणारं उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे चालवता येत नाही. वळीव बहुधा तीन ते सहाच्या दरम्यान येतो. दुपारी तू कोल्हापूरला थांबलीस, वादळ सरायची वाट पाहिलीस, की मागून सूर्य बुडायला लागतो. मग पडद्यावरची फट मोठी दिसू लागते. म्हणून मे महिन्यात दुपारी बारापर्यंत चाकं जमिनीवर, हा नियम स्वतःला घालून घे. दुपार गेली तर मुक्काम कर. बारामतीहून कोल्हापूर हवेतून साधारण पावणेदोनशे किलोमीटरच आहे. राहिलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात घरी येशील.

जून ते सप्टेंबर धोका वेगळा असतो. तेव्हा प्रश्न वादळांपेक्षा डोंगर झाकणाऱ्या ढगांचा असतो. सिंहगड १,३०० मीटर उंच, तोरणा १,४०० च्या वर. पावसाळ्यात त्यांचे माथे दिवसचे दिवस दिसत नाहीत. उपग्रहाच्या चित्रात हा सगळा प्रदेश एकसारखा राखाडी असतो, धोका असल्याची कोणतीही खूण नसते. पावसाळी हवेत आपल्या डोंगराळ भागात झालेले अपघात आठव. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचं विमान पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं, पंचेचाळीस जण गेले, त्यांत अमेरिकेचे तेरा पत्रकार होते. ७ जुलै १९६२ रोजी अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, चौऱ्याण्णव जण गेले. ती मोठी विमानं होती, अनुभवी चमू होते. अलीकडचंही सांगतो. २४ ऑगस्ट २०२४ रोजी पाऊस-वाऱ्यात मुळशीतल्या पौडजवळ हेलिकॉप्टर पडलं. आतले चौघं वाचले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी बावधनला हेलिकॉप्टर कोसळून तिघं गेले. त्या वेळी परिसरात धुकं होतं. कारणांचा निवाडा चौकशी करणाऱ्यांनी करायचा, तो आपण करू नये. पण बावधनची ती सकाळ हवामानाच्या विद्यार्थ्याने विचारात घ्यावी अशी आहे. दऱ्याखोऱ्यांतलं धुकं उपग्रहाच्या चार किलोमीटरच्या ठिपक्यापेक्षा अरुंद असू शकतं. रात्री धुकं ओळखण्याची जी पद्धत असते ती पहाटेच्या उजेडात चालेनाशी होते, आणि दृश्य चित्राला पुरेसा प्रकाश अजून नसतो. नेमक्या त्या तासाला उपग्रह जवळजवळ आंधळा असतो. त्या तासाला खिडकीतून समोरची टेकडी दिसत नसेल, तर चित्र काहीही दाखवो, निघायचं नाही.

ढगात शिरल्यावर काय होतं याबद्दल एक जुना प्रयोग तुझ्या प्रशिक्षकांनी सांगितला असेल. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवलं. सगळ्यांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. आपल्या पडद्याचं पुढचं चित्र पंधरा मिनिटांनी येतं.

पडद्याची खरी भीती मला त्याच्या उशिरापेक्षाही दुसऱ्या कारणाने वाटते. पडदा नसलेला वैमानिक काळा ढग बघून लांबूनच वळतो, कारण ढगात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. पडदा असलेल्याला वाटतं, मला दिसतंय. तो जवळ जातो. ज्या यंत्राने त्याला वीस मैल दूर ठेवायचं, तेच यंत्र त्याला पाच मैलांवर घेऊन येतं. अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा सल्ला असा, की तीव्र वादळापासून निदान वीस मैल लांब राहावं. वीस मैल म्हणजे साधारण तळेगाव ते लोहगाव. एवढं अंतर राखायला चित्र लागतं, आणि राखल्यावर ते पंधरा-वीस मिनिटं जुनं असलं तरी बिघडत नाही. चित्राचा योग्य वापर तो हाच. अंतर कमी केलंस की चित्राच्या वयाचं प्रत्येक मिनिट तुझ्या विरोधात जातं.

आता काय करायचं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी प्रारूप बघ, म्हणजे दिवस कोणत्या जातीचा असेल ते कळेल. सकाळी उपग्रहाची मागच्या तीन तासांची चित्रं ओळीने बघ. एका चित्राने काही समजत नाही, चार चित्रांतून ढग वाढतोय की विरतोय ते कळतं. मग मेटार आणि टॅफ, म्हणजे विमानतळांचे हवामान अहवाल आणि अंदाज, वाच. मेटारमध्ये टीसीयू (उंच वाढत चाललेला ढग) किंवा सीबी ही अक्षरं दिसली की तिथे कोणी माणसाने डोळ्यांनी ढग पाहून ती लिहिली असण्याची शक्यता मोठी आहे. ती कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा वजनदार मान. मग हवामान खात्याच्या ब्रीफिंगला जा, आणि प्रश्न विचार. समोरचा अधिकारी उत्तर देताना थांबला, तर तो थांबणं हेसुद्धा उत्तर समज. शेवटी जिथे उतरणार आहेस तिथे फोन कर आणि विचार, पश्चिमेकडचा डोंगर दिसतोय का. पाषाणच्याच संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेव. वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या विजांचा इशारा ते देतं. निघायच्या आधीच्या पाऊण तासात ते तीनदा बघ.

निघण्याआधी कागदावर दोन ओळी लिही. पहिली, मी कुठे परत फिरेन: साताऱ्याच्या पुढे अजिंक्यताऱ्याचा माथा स्वच्छ दिसला नाही तर, असं ठिकाणाच्या नावानिशी. दुसरी, किती वाजता परत फिरेन. हवेत गेल्यावर या ओळींवर पुनर्विचार करायचा नाही, त्या फक्त पाळायच्या. जमिनीवर बसलेली तू हवेतल्या तुझ्यापेक्षा शांत असतेस, म्हणून तिचं ऐकायचं. वाटेत चित्र आलं तर आधी वेळ वाच, मग रंग बघ. चित्र आणि खिडकी यांत मतभेद झाला तर जे वाईट सांगेल त्याचं खरं. चित्र मोकळं दाखवत असेल आणि समोर पावसाचा पडदा असेल, तर वळ. चित्र वाईट दाखवत असेल आणि समोर मोकळं दिसत असेल, तरीही वळ. दोन्ही मोकळं म्हणतील तेव्हाच पुढे जा.

आणि सराव कर. १९२८ साली हवामान खातं सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून या शहरात ढग बघणाऱ्यांची परंपरा आहे. २००९ पासून पाषाणच्या शास्त्रज्ञांनी विमानातून ढगांत जाऊन त्यांची मोजमापं घेतली आहेत. उपग्रहांच्या चित्रांचा अभ्यास आयुष्यभर करून हवामान खात्याचे महासंचालक झालेले डॉ. रंजन केळकर याच शहरातले. तूही ही विद्या या शहरातच शीक. या मे महिन्यात उडायची घाई करू नकोस. रोज दुपारी तीन वाजता टॅबलेट घेऊन तळजाईवर किंवा पर्वतीवर जा. चित्र उघड, त्याची वेळ लिहून घे, मग डोळे वर करून चारही दिशा बघ. चित्रात नसलेले किती ढग आकाशात आहेत, चित्रातले किती विरून गेले, कोणता ढग किती मिनिटांत वाढला, हे वहीत लिही. एक संपूर्ण मे असा गेला की पुण्याच्या चित्राला किती मिनिटं वजा करायची हे तुला कोणाला विचारावं लागणार नाही. मी सोबत येईन; पायऱ्या हळू चढतो, पण चढतो.

शेवटचं. तुझ्या शेजारच्या सीटवर बसणारा माणूस पडदा वाचू शकत नाही. त्याने जीव तुझ्या हाती दिलेला असतो. त्याला निघायच्या आधीच सांग, ‘आपण परत फिरू शकतो, वाटेत मुक्कामही करावा लागेल, आणि तसं झालं तर उड्डाण फसलं असं मी मानणार नाही.’ हे आधी बोललेलं असलं की वर गेल्यावर लग्नाचा मुहूर्त, मीटिंगची वेळ, कोणाची नाराजी यांचं ओझं तुझ्या हातांवर येत नाही. माझ्या माहितीतले चांगले वैमानिक या एका गोष्टीत सारखे होते: परत फिरताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. तोच मोकळेपणा तुझ्यात यावा, हा माझा आशीर्वाद.

येण्याची तारीख कळव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा